ताम्हणातला पगार

…आणि वर अभिनंदन करतात हो. ‘सर, तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न वाढलं आहे, अभिनंदन, त्यामुळे पुढच्या वर्षी मदत नाही.’ आता ह्या वाक्यात ते अभिनंदन कुठं बसतं, सांगा मला. तुम्हाला सांगतो, आमच्या हयवदनाचं उत्पन्न वाढलं ही बातमी खुद्द हयवदनालाच पोरीच्या कॉलेजकडून कळली. तोवर तो बिचारा शर्टाची झिजलेली कॉलर उलटी करून शिवून घेत होता, बाय-टू कॉफीतली अर्धी मला देत होता आणि आपण गरीब आहोत अशा समजुतीत सुखानं राहत होता.

हा हयवदन म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. राजाजीनगरात वायर, स्विच, बल्ब असल्या मालाचं एक गोदाम आहे, तिथं आम्ही दोघं स्टोअर सांभाळतो, दोघांच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून. घराणं जुनं. बेंगळुरूत कधी आलात असं त्याला चुकून विचारू नका, तो शहाजीराजांपासून सुरू करतो आणि आपली जेवणाची सुट्टी संपते. घरात मराठी, भाजीवाल्याशी कानडी, साहेबाशी हिंदी, आणि स्वतःशी काय बोलतो ते त्याचं त्याला ठाऊक. बायको नीरजा, ती घरी चटणीपुडी आणि मेतकूट करून आसपासच्या घरांत देते. मुलगी एकच, आश्लेषा. आशू. आता मुलगी हुशार आहे असं सगळेच बाप म्हणतात, पण ही खरोखरच हुशार निघाली, आणि तिथंच सगळा घोळ झाला. मठ्ठ असती तर काही खर्च नव्हता.

तर ह्या घरात एक रीत आहे. देव्हाऱ्यात एक तांब्याचं ताम्हण. कुणाच्याही हातात पैसा आला, पगार असो, चटणीपुडीचे असोत, नाही तर मावशीनं खाऊला दिलेले असोत, तो आधी ताम्हणात ठेवायचा, त्यावर हळदकुंकू, दोन अक्षता, नमस्कार. मग हयवदन तो उचलणार आणि घराला लागेल तसा वापरणार. कुणाचे किती, हे विचारायचं नाही. विचारलंत की त्याची मान ताठ होते आणि तो म्हणतो, ‘आमच्या घरात माझं-तुझं नाही.’ लक्षात ठेवा हे वाक्य. ह्या एका वाक्यानं पोरीचं कॉलेज खाल्लं.

कॉलेज कुठलं, तर येलहंक्याच्याही पुढं. नाव जाऊ द्या. मोठं, खाजगी, काचेची इमारत, आत शिरलं की थंडी वाजते. फी ऐकून घाम फुटतो, म्हणजे एकूण हवामान बरोबर होतं. पण पोरीला प्रवेशही मिळाला आणि मदतही मिळाली. मदतीचे तीन भाग. थोडी फी माफ, थोडं बँकेचं कर्ज, आणि तिसरं म्हणजे काम. कॉलेजातच रोज थोडा वेळ काम करा आणि तासावर पैसे मिळवा. हयवदनानं गोदामात उभं राहून तिन्हींची बेरीज केली, मला मिठी मारली, म्हणाला, ‘दामोदरा, फी सुटली की रे.’ नीरजेनं त्या दिवशी पुरणपोळी केली. मी खाल्ली, मला ती आजही आठवते, कारण त्या घरात नंतर बरेच दिवस पुरण शिजलं नाही.

कारण फी भरायला गेला तर खिडकीतली बाई म्हणते, ‘सर, कामाचे पैसे फीमधून वजा होत नाहीत.’ हा म्हणतो, ‘पण तुम्हीच मदतीत धरलेत की.’ ती म्हणते, ‘धरलेत सर, दिलेले नाहीत.’ बघा आता. काम सुरू होणार ऑगस्टात, पगार येणार सप्टेंबरात, आणि फी भरायची आत्ता. ‘काम केल्यावर तासांप्रमाणे विद्यार्थिनीच्या खात्यात येतील सर. बसचे, पुस्तकांचे, तिच्या खर्चाचे.’ हा तिथं उभाच. मागून रांग ढकलते आहे, ‘मुंदे होग्री, अण्णा, पुढं सरका.’ तेव्हा त्याला कळलं, की तिसरी मदत म्हणजे पैसे नव्हेतच. ती पैसे मिळवायची परवानगी. मला सांगा, परवानगीला मदत म्हणायचं असेल तर मला सरकारनं आयुष्यभर केवढी मदत केली आहे.

शेवटी नीरजेनं पोस्टातली ठेव मोडली. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी होती ती. ‘गुडघा काय, थांबेल स्वल्प,’ म्हणाली. अजून थांबलाय. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबते आणि खिडकीतून बाहेर बघायचं निमित्त करते.

बरं, पोरीला काम कुठं मिळालं? ग्रंथालयात नाही, प्रयोगशाळेत नाही. त्याच मदतीच्या ऑफिसात, फोनवर. कारण तिला मराठी येतं, कानडी येतं, हिंदी येतं, तमिळ भांडण्यापुरतं येतं. कानाला यंत्र लावायचं आणि पालकांना फोन करायचे. ‘नमस्कार सर, मी सहाय्य कक्षातून आश्लेषा बोलते. हा कॉल रेकॉर्ड होत आहे.’ घरी तालीम चालायची. कुकरच्या शिट्टीवर, ‘सर, आपली अडचण मी समजू शकते.’ आणि मजा म्हणजे पोरगी दिवसभर पालकांना काय समजावत होती, तर कामाचे पैसे फीतून वजा होत नाहीत. एक बाप म्हणे फोनवरच रडला. ती घरी येऊन जेवली नाही त्या दिवशी. म्हणाली, ‘अण्णा, तुम्ही त्या खिडकीवर असेच उभे होतात ना.’ हा भात कालवत बसला.

आणि फोन संपला की पालकांनी आकडा दाबायचा. सेवा वाईट तर एक, उत्तम तर पाच. घरातही तोच खेळ सुरू. आशू कॉफी करून आणायची आणि नाकात बोलायची, ‘सर, आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या.’ हयवदन घोट घ्यायचा, वर बघायचा, आणि म्हणायचा चार. रोज चार. कॉफी कशीही असो. पोरगी चिडायची, ‘पाच का नाही?’ तर म्हणायचा, ‘पाच दिले की माणूस बिघडतं.’ असा हा बाप. स्तुती करायची म्हणजे ह्याला दात काढून घेतल्यासारखं होतं.

मग पहिला पगार आला. खात्यात आला, आता पैसे दिसतात कुठं? आशूनं घरी येऊन तो अण्णाच्या खात्यावर पाठवला, आणि मोबाईल, मोबाईल हो, तो ताम्हणात ठेवला. पडद्यावर ‘पैसे पाठवले’ असं हिरव्या अक्षरात. हयवदनानं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या. एक अक्षत चार्जरच्या भोकात गेली, ती आजतागायत निघालेली नाही, तो मोबाईल तिरका धरला तरच चार्ज होतो. पण ह्याचा चेहरा बघायला हवा होता. दुसऱ्या दिवशी गोदामात सगळ्यांना म्हैसूरपाक. पुन्हा तेच वाक्य. ‘पोरीनं स्वतः ताम्हणात ठेवला. आमच्या घरात माझं-तुझं नाही.’ मी म्हटलं, अरे, ते बसच्या खर्चाचे आहेत तिचे, ठेव तिच्याकडेच. तर माझ्याकडे असा बघितला, जणू मी त्याच्या घरात भिंत घालायला सांगतोय. पोरीला बसचे पैसे तो देतच होता, त्याच ताम्हणातून. म्हणजे पैसा तिच्याकडून निघून, देवाला भेटून, बापाच्या खिशातून परत तिच्याकडेच येत होता. पण दर महिन्याला बापाच्या खात्यात मात्र एक ठरावीक रक्कम जमा. हे कुणी बघितलं? देवानं बघितलं, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरनं बघितलं.

कारण ही मदत एकदा मिळाली म्हणजे मिळाली असं नाही. दर वर्षी नव्यानं. पालकांनी यायचं, बँकेचे कागद दाखवायचे, तुम्ही अजून तितकेच गरीब आहात ना, हे सिद्ध करायचं. हयवदन इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मी म्हटलं, गरिबी दाखवायला इस्त्री कशाला? म्हणाला, ‘पोरगी तिथं काम करते, तिची मान खाली नको जायला.’

तिथं प्रणीत नावाचा एक पोरगेला अधिकारी. पुण्याकडचा. चांगला मुलगा, त्याला मी दोष देणार नाही. त्यानं बिचाऱ्यानं वाचवायचा जेवढा प्रयत्न केला तेवढा सख्ख्या भावानं केला नसता. कागद बघितले आणि म्हणाला, ‘सर, तुमचा पगार आहे, मॅडमचं चटणीचं आहे, ठीक. हे दर महिन्याला आणखी काय जमा होतं?’

हयवदन सरसावून बसला. हाच तर प्रश्न त्याला हवा होता. ‘ही माझ्या मुलीची कमाई.’

‘ओके सर, म्हणजे कॅम्पसवरचं काम. गुड. ते आम्ही उत्पन्नात धरतच नाही. फक्त एक आहे, ते तिचे स्वतःचे पैसे असले पाहिजेत. तिच्या स्वतःच्या खर्चाचे. घरखर्चात नाही. तसंच आहे ना सर?’

आता, मला सांगा, ह्याहून सोपा प्रश्न असतो का? त्यात उत्तर घालून दिलं होतं पोरानं. नुसतं ‘होय’ म्हणायचं होतं. कानडीत ‘सरी’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणि काचेच्या पलीकडे कानाला यंत्र लावून आशू बसलेली. स्वतःच्या घरच्या कामात तिला बोलायची बंदी. ती तिकडून डोळे मोठे करतेय, मान हलवतेय, होय म्हणा, अण्णा, होय म्हणा. आणि ह्याला वाटलं पोरगी म्हणतेय, मोकळेपणानं बोला.

‘स्वतःचे म्हणजे?’ हयवदन म्हणाला.

‘म्हणजे सर… ती ते सेफ ठेवायला तुमच्याकडे देते, आणि तुम्ही तिला परत करता. असं काहीतरी असेल ना?’

‘परत कशाला करायचे? ती काय पाहुणी आहे?’

‘तसं नाही सर. पण किराणा वगैरे त्यातून भरत नसाल ना?’

‘का नाही? भरतो की. ती जेवत नाही होय?’

प्रणीतनं पेन खाली ठेवलं. पाणी प्यायला. काचेपलीकडे आशूनं दोन्ही हात जोडले. बापानं तिकडे बघून हसून मान डोलावली, काळजी करू नकोस, सांगतो नीट. प्रणीत हळू आवाजात म्हणाला, ‘सर, मी पुन्हा विचारतो. विचार करून सांगा. हे पैसे तिचे आहेत, की घराचे?’

आणि तुम्हाला सांगतो, तिथं त्या माणसाची मान ताठ झाली. त्याचे वडील, आजोबा, पार शहाजीराजांपर्यंतचे सगळे त्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले असणार. ‘घराचे,’ तो म्हणाला. ‘आमच्या घरात माझं-तुझं नाही.’

झालं. प्रणीतनं ते लिहिलं. काय करणार तो? ‘घराचे’ म्हटल्यावर ते उत्पन्नात आले, आणि उत्पन्नात आल्यावर ह्यांचं घर मदतीच्या पायरीवरून एक पायरी वर गेलं. फार नाही, चटणीपुडीच्या काही डब्यांइतकं वर. पण वर. खोटं बोलायचं नव्हतंच हो त्याला, तुम्ही म्हणाल खरं बोलला, चांगलं केलं. पण खरं तरी काय होतं? पोरीचे पैसे पोरीच्याच बसला जात होते. किराणा त्याच्याच पगारातून यायचा. पैसे खरंच तिचे होते. ह्याला ते ‘तिचे’ म्हणायला जीभ वळेना, एवढंच. तिचे म्हटलं की ती वेगळी झाली, असं ह्याच्या मनानं घेतलं. परक्या माणसासमोर आपली पोर आपल्यापासून वेगळी काढायची, हे त्याला जमलं नाही.

घरी गेल्यावर आशूनं समजावून सांगितलं. चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. ती ऑफिसातल्याच आवाजात सांगत होती, पायरी म्हणजे काय, हिशेबात काय येतं, काय येत नाही. आणि हा ऐकता ऐकता लहान होत गेला. दुसऱ्या दिवशी प्रणीतला भेटायला धावला, ‘साहेब, चुकलं, तिचे आहेत, तिचेच आहेत.’ प्रणीत म्हणाला, ‘सर, आता बदललं तर तुम्ही आधी लपवलं असं दिसेल.’ बघा. खरं म्हटलं तर श्रीमंत, बदललं तर लबाड. ‘पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा सर, चालेल.’ हा म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की? म्हणे हो, विद्यार्थिनी शिकत असली पाहिजे फक्त. आणि शिकायला फी पाहिजे. आणि फीला मदत पाहिजे. हयवदनानं हात जोडले आणि बाहेर आला. येलहंक्याहून राजाजीनगरपर्यंत उभ्यानं आला, बसायला जागा होती तरी.

तरी त्यानं आशा सोडली नव्हती बरं का. वरचे साहेब बघतील, कळवू, असं सांगितलेलं. त्या दिवसांत फोन वाजला की हा दचकायचा. स्विच मोजताना चुकायचा. एकदा मला म्हणाला, ‘दामोदरा, कमावती झाली म्हणून म्हैसूरपाक वाटला मी.’ आणि स्विच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

मग तो फोन आला. दुपारची वेळ, आम्ही ट्यूबलाइटांचे खोके उतरवत होतो. हयवदन फोन नेहमी तोंडासमोर आडवा धरतो, स्पीकर चालू, सगळ्या गोदामाला ऐकू जातं. त्यामुळं मीही ऐकलं.

‘नमस्कार सर, मी सहाय्य कक्षातून आश्लेषा बोलते. मी श्री. हयवदन यांच्याशी बोलत आहे का?’

‘आशू?’

‘सर, हा कॉल रेकॉर्ड होत आहे.’

हयवदनानं हातातला खोका खाली ठेवला. शर्ट खाली ओढला. ‘बोला, मॅडम.’

नंतर कळलं ते असं. यादीत हे नाव दुसऱ्या कुणाकडे आलं होतं. बंदी असूनही आशूनं ते हट्टानं मागून घेतलं. म्हणाली, मीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगितलं तर अण्णा त्याच्याशी भांडतील आणि मग रात्रभर त्यांना वाईट वाटेल.

‘सर, आपल्या पाल्याची पुढच्या वर्षीची मदत मंजूर झालेली नाही. कुटुंबाचं उत्पन्न वाढल्याबद्दल…’ थांबली. ‘अभिनंदन सर. हे वाचावं लागतं.’

‘वाचा, मॅडम.’

‘त्यामुळे पूर्ण फी भरावी लागेल. नाहीतर प्रवेश चालू ठेवता येणार नाही.’

‘माझी पाल्य फार हुशार आहे हो.’

‘तशी नोंद आहे, सर.’

‘चूक तिची नाही. माझ्या तोंडाची आहे. हे लिहून घ्या.’

‘सर, ते लिहायला इथं जागा नाही.’

मी त्या ट्यूबलाइटांकडे बघत उभा. मग ह्यानं विचारलं, ‘आणि तिचं काम?’

‘मदत बंद झाली की काम बंद होतं, सर. काम मदत मिळणाऱ्यांनाच असतं. आज शेवटचा दिवस.’

म्हणजे बघा, काम केलं म्हणून मदत गेली, आणि मदत गेली म्हणून काम गेलं. आणि ही बातमी द्यायचं काम तेवढं तिचं राहिलं होतं.

‘ऊट आयता, मॅडम?’ हयवदन म्हणाला. दुसरं काय विचारणार? ह्या गावात काही सुचलं नाही की जेवलात का, हेच विचारतात.

‘झालं, सर.’ आवाज असा आला, की जेवण झालेलं नाही हे मलासुद्धा कळलं. ‘काही शंका असल्यास याच नंबरवर फोन करा.’

‘उद्या ह्या नंबरवर कोण असेल?’

‘दुसरं कुणीतरी असेल, सर. ठेवते.’

आणि लगेच ती यंत्रातली बाई आली, कानडीत, इंग्रजीत, हिंदीत. आमच्या सेवेला एक ते पाच गुण द्या, धन्यवाद. हयवदनानं फोन तोंडासमोरून काढून डोळ्यांसमोर धरला. चष्मा कपाळावर सरकवला. बोट चारावर गेलं, सवयीनं. तिथंच राहिलं. मग बाजूला सरकलं.

‘पाच?’ मी म्हटलं.

‘पाच,’ तो म्हणाला, आणि खोका उचलला. ‘आता बिघडायचं काय राहिलंय?’